वाकळ कुणासाठी शिवली?

मंडळीच्या विक्रीच्या टेबलावर हाताने शिवलेल्या गोधड्या मांडल्या की लोक थांबतात. रंग बघतात, टाक्यांवरून हात फिरवतात आणि विचारतात, "ही नक्षी या बायकांना सुचते तरी कशी?" कोडोलीत महिला गटांबरोबर काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. त्याचे उत्तर नक्षीत शोधून सापडत नाही. वाकळ कुणासाठी शिवली आणि कुणाच्या कपड्यांची शिवली, यात ते असते. हे समजले तर आपली मदत देण्याची रीतही थोडी बदलेल, असे मला वाटते.

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जमिनीवर एक धड लुगडे पसरायचे. त्यावर जुनी धोतरे, सदरे, साड्यांचे तुकडे सुरकुती न पडू देता अंथरायचे. कडांना दगड ठेवायचे, वर दुसरे लुगडे घालायचे आणि मोठे कच्चे टाके मारून सगळे थर धरून ठेवायचे. मग खरा धावदोरा सुरू होतो. काठाकडून आत, बोटभर अंतराने, ओळीमागून ओळ. घरची आणि रानातली कामे सांभाळून एक वाकळ व्हायला कित्येक आठवडे लागतात. शेतीची कामे कमी झाली की उन्हाळ्यात बायका वाकळा काढतात, कारण तेव्हा जागा कोरडी असते आणि दुपारी दोन घटका बसायला मिळते.

बायकांना नक्षीविषयी विचारले तर त्या माणसांविषयी बोलतात. हा काठ सासूबाईंच्या लुगड्याचा. हा चौकोन मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचा. बाळंतपणाला येणाऱ्या लेकीसाठी दुपटे शिवायचे तर आजीचे मऊ झालेले लुगडे आतल्या बाजूला घ्यायचे, म्हणजे ते बाळाच्या अंगाला लागेल. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते; शंभर वेळा धुतलेले सुती कापड टोचत नाही. माया आणि व्यवहार इथे एकाच टाक्यात शिवलेले असतात.

कोल्हापूरहून बेळगावमार्गे खाली गेले की उत्तर कन्नड जिल्हा लागतो. तिथल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतील जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले होते. त्यातील अनेक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून या रानात आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि पुष्कळांच्या घरातली बोली कोकणी-मराठीच्या जवळची आहे. 2003 साली कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

सिद्दी बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. खाली जुनी साडी घेऊन त्या एका कोपऱ्यापासून तुकडे लावत जातात. तुकड्याची कड दुमडायची आणि त्याच टाक्यात तो खालच्या थरांना जोडायचा. असे चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचे. आधी आखणी केलेली नसते. पुढचा तुकडा मागच्या तुकड्याशेजारी कसा दिसतो, ते बघून ठरतो. ख्रिस्ती बायकांच्या कवंदीवर अनेकदा क्रूस दिसतो. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुले लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. त्यांनी ऊब वाढत नाही, पण त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते, असे तिथे मानतात. अमेरिकेतील कला-इतिहासकार हेन्री ड्रूवाल यांनी 2004 पासून या बायकांबरोबर काम केले आणि विक्रीसाठी त्यांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली.

अशा सहकाराचा एक जुना दाखला अमेरिकेच्या अलाबामा राज्यात आहे. तिथल्या जीज बेंड या गावात गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज राहतात. 1942 मध्ये मिसूरी पेटवे या बाईंनी आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी आणि तिच्याखाली त्यांच्या मायेची ऊब मिळावी, एवढाच हेतू होता. पुढे 1966 मध्ये त्या परिसरातील बायकांनी फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूंच्या साहाय्याने 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 1972 मध्ये त्यांना सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीचे कॉर्डुरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. सगळे अभ्रे एका मापाचे, एकसारखे. घरात नियमित पैसा आला, ही मोठीच गोष्ट होती. पण उरलेल्या कॉर्डुरॉयच्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून आपल्या मनाच्या गोधड्या शिवल्या. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडचे प्रदर्शन भरले, ते अशा घरच्या गोधड्यांचे.

यात आपल्यासाठी शिकण्यासारखे आहे. ऑर्डर द्यावी, बायकांना काम हवे आहे. पण "निळ्या रंगाच्या वीस, सगळ्या एकसारख्या" अशी ऑर्डर दिली की शिवणारी बाई फक्त मजूर उरते. माप सांगा, कुणासाठी हवी ते सांगा. बाळासाठी, आजारी आईसाठी, वसतिगृहात जाणाऱ्या मुलीसाठी. पुढचे तिच्यावर सोडा. किंमत ठरवताना चिंध्यांचा भाव धरू नका, बसलेले दिवस मोजा. आणि घरात वाकळ शिवायची असेल तर आपल्याच माणसांचे जुने कपडे तिच्याकडे द्या.

आपण जुने कपडे पाठवता, त्याबद्दलही एक विनंती. वाकळेला सुती कापडच चालते. ते घाम शोषते, धुऊन मऊ होते आणि सुई त्यातून सहज जाते. पॉलिस्टर घसरते, थर सरकतात, बोटे दुखतात. साड्या, धोतरे, चादरी, सदरे धुऊन पाठवा. फाटलेले असले तरी चालतील. इथे जवळच वारणेचा साखर कारखाना आहे. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांची लहान मुले थंडीत खोपटात निजतात. सुती कापडाचा प्रत्येक जादा थर त्यांच्या उपयोगी पडतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापोची टबीथा, म्हणजे दुर्कस, वारते. तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने केलेले कपडे दाखवतात. तिथे शिलाईचे कौतुक कुणी करत नाही. हे तिने आमच्यासाठी केले, हेच त्यांना सांगायचे असते. पुढच्या वेळी टेबलावरची वाकळ उचलाल, तेव्हा ती कुणी शिवली आणि आत कुणाचे कापड आहे, हे जरूर विचारा.