रुळाचें चाक आणि पाणंदीचा रस्ता

नवापूर तालुक्याचा हा भाग नंदुरबार जिल्ह्यांतील अधिक पावसाचा. त्यांत चिंचपाड्याच्या शिवारांतील माती काळी. त्यामुळें आमच्याकडे पाणंदीवर मुरूम घालून रूळ फिरविल्यावांचून पावसाळ्यांत गाडी शेतांत जात नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं शेतकऱ्यांनीं वर्गणी करून रबरी चाकांचा रूळ भाड्यानें आणविला. काम चालू असतां पुढचें एक चाक फुटलें. ठेकेदारानें हाताशीं होतें तें दुसरें बसविलें. बोल्ट बसले, चाक फिरूं लागलें, आणि आम्हीं समाधान मानलें. मृगाच्या पावसांत पाहतों तों रस्त्यावर एक सरळ चर पडलेला, त्यांत पाणी तुंबलेलें आणि खताच्या गाड्या तेथेंच रुतलेल्या!

कारण उघड होतें. अशा रुळास बहुधा ९ चाकें असतात. पुढें ४ व मागें ५. पुढच्या चाकांमधील मोकळी पट्टी मागच्या चाकांनीं दाबली जावी, अशी त्यांची मांडणी असते. त्यांत एक चाक मोठें आलें कीं वजन त्याच्यावरच अधिक येतें. त्याखालीं चर पडतो व शेजारच्या चाकांखालील मुरूम भुसभुशीत राहतो.

बोल्ट बसले म्हणजे माप जुळलें, हा समज खोटा आहे. टायरवर ९.००-२० असें लिहिलेलें असतें. त्यांतील ९ इंच ही टायरची रुंदी व २० इंच हा रिमचा व्यास. बाहेरचा व्यास त्यांत सांगितलेला नसतो. तो बनावटीप्रमाणें व झिजेप्रमाणें बदलतो. ४० व ३९ इंच व्यासाच्या दोन चाकांच्या परिघांत तीन इंचांहून अधिक अंतर पडतें; एका किलोमीटरांत लहान चाकास सुमारें ८ फेरे जास्त घ्यावे लागतात. अशीं दोन चाकें इंजिनानें फिरणाऱ्या एकाच आंसावर असलीं, तर टायर घासतात व डिफरन्शियल विनाकारण झिजतें. महसूल खात्यांतील कारकुनींत जुन्या मोजणीचे हिशेब मीं पुष्कळ पाहिले. ३३ फुटी साखळी अर्धा फूट आंखूड असली, तर एकरामागें सुमारें १ गुंठा ३ आणे जमिनीचा घोटाळा होतो. चाकाचेंही तसेंच आहे.

म्हणून चाक बदलतांना टायर व रिम यांचें माप, बोल्टांची संख्या व त्यांमधील अंतर जुन्याप्रमाणेंच आहे कीं नाहीं तें पाहावें. सर्व चाकांत यंत्राच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें सारखी हवा भरवावी. नंतर टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून सपाट जागीं पूर्ण एक फेरा घ्यावा व अंतर टेपनें मोजावें. शेजारच्या चाकाचेंही अंतर तेंच आलें पाहिजे. न आल्यास जुळणारा टायर आणविण्याचा आग्रह धरावा. नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे व थोडें काम झाल्यावर पुन्हां तपासावे. कडीच्या रिमांत हवा भरणें हें जाणत्या मेस्त्रीचेंच काम. त्या वेळीं चाकासमोर कोणीं उभें राहूं नये. कडी उडून माणसें दगावलीं आहेत.

आमच्या पाणंदीवर मुरूम दुसऱ्यांदा घालावा लागला, आणि वर्गणीही दुसऱ्यांदा आम्हींच दिली. रूळ भाड्याचा असला तरी रस्ता आपला आहे. काम सुरू होण्यापूर्वीं खडू आणि टेप घेऊन तेथें जाण्याचा आळस कोणीं करूं नये.