टपालाचा मक्ता आणि नागपूरची मध्यरात्र

आपण पत्र पोस्टाच्या पेटींत टाकतों आणि निश्चिंत होतों. तें पुढें कोणत्या वाहनांतून व कोणत्या दरानें जातें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः लांबचें बहुतेक टपाल पोस्टखातें दुसऱ्यांच्या वाहनांतून पाठवितें आणि त्याबद्दल ठरलेले पैसे देतें. या ठरावासच मक्ता किंवा कंत्राट म्हणतात. वाहतूक करणारास अशा मक्त्याचें मोल फार असतें. उतारू आज येतील, उद्यां येणार नाहींत. परंतु टपाल रोजचें आहे, आणि पैसे देणारें सरकार आहे. म्हणून असा मक्ता निघाला कीं अनेक कंपन्या पुढें सरसावतात. मग जो ‘मी नेतों’ म्हणेल त्याच्याच हातीं तो द्यावा काय? या प्रश्नाचा एक मोठा धडा आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीं, नागपुरास, सर्व देशाला मिळालेला आहे.

वऱ्हाडांत टपालाला खरा वेग आला तो आगगाडीमुळें. भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून १८६७ सालीं नागपुरास पोंचला; पुढें बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा निघाला. टपालाच्या डब्यांत बसलेले कारकून चालत्या गाडींतच पत्रें गांववार लावूं लागले. येथें मार्ग एक आणि गाडी एक. त्यामुळें चढाओढीला जागाच नव्हती. परंतु मुंबईहून नागपूरमार्गें कलकत्ता रेल्वेनें सुमारें १,२२० मैल दूर. एवढें अंतर एका रात्रींत तोडणें आगगाडीला शक्य नव्हतें. तें काम विमानाचें होतें.

हिंदुस्थानांत टपालाच्या विमानसेवेसाठीं टाटा कंपनीनें १९२९ पासून खटपट चालविली होती. आरंभीं तिनें सरकारी मदत मागितली. ती मिळेना, तेव्हां नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे घेण्याचें कबूल करून १९३२ सालीं तिनें मक्ता मिळविला. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल घेऊन आले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. विमान एका इंजिनाचें व लहान, आणि फेरी आठवड्यांतून एक. पहिल्या वर्षांत सुमारें पावणेदहा टन टपाल त्यांनीं वाहिलें. ओझें बेताचें व खर्चही बेताचा. म्हणून तो व्यवहार जमला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलें. सैन्याला नकोशीं झालेलीं डाकोटा विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं, आणि तीं घेऊन अनेक नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. विमानें पुष्कळ, उतारू थोडे, अशी स्थिति झाली. अशा वेळीं स्वतंत्र भारताचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनीं रात्रींच्या विमान टपालाची योजना पुढें मांडली.

ही योजना समजण्यास थोडें गणित पुरे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडींत दोन्ही दिशांनीं थेट टपाल न्यावयाचें, तर दर रात्रीं बारा विमानें हवींत. पण चारही शहरांहून एकेक विमान निघून मध्यरात्रीच्या सुमारास देशाच्या मध्यावर, नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर, एकत्र आलें, तेथें थैल्यांची अदलाबदल झाली आणि विमानें पुन्हां उडालीं, तर तेंच काम चार विमानांत उरकतें. संध्याकाळीं निघालेलें पत्र सकाळीं दुसऱ्या टोकास! अकोल्याच्या व्यापाऱ्याचें मद्रासचें पत्रही नागपूरपर्यंत आगगाडीनें व पुढें विमानानें जाण्याची वाट मोकळी झाली.

योजना सुंदर होती. पण ती चालवावयाची कोणी? खर्च आणि मिळकत यांचा मेळ बसत नाहीं, असें सांगून टाटांनीं नकार दिला. दुसरी कंपनी, इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स, पुढें आली, आणि ता. ३० जानेवारी १९४९ रोजीं सेवा सुरू झाली. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून, जेथें विमानानें वेळ वांचेल तेथें साधीं पत्रेंही जादा आकार न घेतां विमानानें पाठविण्याचें सरकारनें ठरविलें. परंतु थोड्याच महिन्यांत ही कंपनी पैशाच्या अडचणींत सांपडून रात्रींची सेवा बंद पडली. पुढें ऑक्टोबर १९४९ मध्यें हिमालयन एव्हिएशन या कंपनीनें ती पुन्हां चालू केली.

असें कां व्हावें? आपल्याकडील गाडीवानाचेंच उदाहरण घ्या. कापसाच्या हंगामांत तो अमुक भाड्यांत माल बाजारांत नेण्याचें कबूल करतो. गाडी भरलेली असो वा अर्धी, बैलांची वैरण, आंसाचें वंगण आणि चाकाच्या धांवेची झीज हा खर्च टळत नाहीं. परततांना ती रिकामी आली तरी बैलांना चालावेंच लागतें. हा हिशेब न करतां भाडें ठरविणारा गाडीवान दोन खेपांत खुशींत असतो, आणि दहाव्या खेपेस बैल विकावयास काढतो. विमानाचेंही तसेंच. दहा थैल्या असोत कीं शंभर, तेल जळतें, वैमानिकाचा पगार चालतो, यंत्राची दुरुस्ती करावी लागते. शिवाय मधल्या काळांत पत्रें अडतात, त्यांचा तोटा मक्तेदाराच्या वहींत कोठेंच लिहिला जात नाहीं. तो सोसावा लागतो पत्राची वाट पाहणाऱ्या घराला.

१९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशीसमितीनेंही विमानकंपन्या गरजेपेक्षां फार झाल्या आहेत असेंच मत दिलें. अखेर १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्या एकत्र होऊन सरकारी इंडियन एअरलाइन्स निघाली. नागपूरचा तो मध्यरात्रीचा मेळावा आतां राहिलेला नाहीं. पण त्यामागील कल्पना मात्र मेली नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील फेडरल एक्सप्रेस कंपनीनें मेम्फिस येथें रात्रीं सर्व विमानें एकत्र आणून पार्सलें बदलण्याची पद्धत सुरू केली, आणि तीच्या बळावर ती जगप्रसिद्ध झाली. तोच प्रयोग चोवीस वर्षें आधीं आपल्या शेजारीं झाला होता, ही गोष्ट वऱ्हाडांतील मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तात्पर्य, मक्ता देणारानें केवळ दर पाहूं नये. त्या दरांत हें काम वर्षभर चालेल काय, हें पाहावें. घेणारानें तर होकार देण्यापूर्वीं आपली वही उघडावी. सार्वजनिक कामाचा मक्ता घेणें म्हणजे अनोळखी लोकांना वचन देणें होय, आणि जें वचन पाळतां येईल तेंच दिलें पाहिजे. वेळेवर दिलेला स्पष्ट नकारही कधीं कधीं मोठी सेवा ठरते.