पोवळ्यांत साठलेले समुद्राचे तापमान

उष्ण कटिबंधातील समुद्राच्या तापमानाची सलग, भरवशाची नोंद फार जुनी नाही. उपग्रहांनी समुद्राचा पृष्ठभाग सातत्याने मोजायला सुरुवात केली ती १९८१च्या अखेरीस. पाण्यात खोल उतरून माहिती पाठवणारे आर्गो तरंगक त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आले. त्याआधीचा आधार म्हणजे जहाजांच्या नोंदवह्या. खलाशी बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात थर्मामीटर बुडवत. बादली लाकडी आहे की कॅनव्हासची, यावरही आकडा बदले, कारण कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडे गार होई. शिवाय जहाजे जात ती व्यापाराच्या ठरलेल्या वाटांनी. मध्य पॅसिफिक आणि हिंदी महासागराच्या मोठ्या भागांविषयी १८५०पूर्वीची मोजमापे नसल्यातच जमा आहेत. ही पोकळी भरण्याचे काम गेल्या पन्नास वर्षांत प्रवाळांच्या सांगाड्यांनी केले आहे.

प्रवाळ, म्हणजे पोवळे, हा वसाहत करून राहणारा प्राणी. त्यातला प्रत्येक पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःच्या खाली अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा थर घालतो आणि त्यावर सरकत वर चढतो. जिवंत भाग वरच्या काही मिलिमीटरांपुरताच असतो. खाली उरतो तो नुसता दगड, पण क्रमाने रचलेला. पोरायटीस या गटातली प्रवाळे वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर वाढतात आणि त्यांचे गोलसर ढिगारे कित्येक मीटर उंच होतात. अशा एका वसाहतीत दोन-तीन शतके सहज मावतात.

या दगडाचा पातळ काप क्ष-किरणांखाली धरला की दाट आणि विरळ पट्ट्यांच्या जोड्या दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, ही गोष्ट झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी स्वाभाविक वाटते, पण ती सिद्ध करावी लागली. १९७२मध्ये नटसन, बुडेमायर आणि स्मिथ यांनी मार्शल बेटांपैकी एनिवेटॉक येथील प्रवाळे तपासली. तेथे अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या होत्या. त्यांतला किरणोत्सर्गी अंश प्रवाळांच्या सांगाड्यात शिरला होता. चाचण्यांच्या तारखा ठाऊक असल्याने पट्टे मोजून ताळा घेता आला, आणि तो जुळला. एवढ्या विध्वंसक उद्योगातून विज्ञानाला मिळालेले हे कालमापन अगदीच आडवाटेने आलेले आहे.

पट्ट्यांवरून वर्ष कळते, तापमान कळत नाही. त्याची किल्ली रसायनशास्त्राकडे होती. जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४चे नोबेल मिळवणारे हॅरॉल्ड युरी यांनी १९४७मध्ये दाखवून दिले की, पाण्यातून कार्बोनेट तयार होताना ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांची वाटणी तापमानावर अवलंबून असते. पाणी गार असेल तर कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन-१८ थोडा जास्त शिरतो, कोमट असेल तर कमी. प्रवाळांत एका अंशाच्या वाढीमागे हे प्रमाण हजारात सुमारे ०.२ने घटते. फरक सूक्ष्म आहे, तरी मास स्पेक्ट्रोमीटरला तो टिपता येतो.

अडचण वेगळीच होती. कार्बोनेटमधला ऑक्सिजन पाण्यातून येतो आणि पाण्यातले समस्थानिकांचे प्रमाणही बदलत असते. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, म्हणून खारट पाण्यात जड ऑक्सिजन अधिक. पावसाचे पाणी हलके, म्हणून मोठ्या पावसानंतर समुद्राचा वरचा थरही हलका होतो. पाणी तापले तरी प्रवाळातला आकडा खाली जातो आणि पाऊस पडला तरी खालीच जातो. किरिबातीमधील तरावा बेटावर एल निनोच्या, म्हणजे मध्य आणि पूर्व पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापलेल्या, वर्षी धो धो पाऊस पडतो. तिथल्या प्रवाळाची ऑक्सिजन-नोंद तापमानापेक्षा पावसाचीच अधिक आहे.

या गुंत्यातून वाट काढली स्ट्रॉन्शियमने. हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या भावकीतले, त्यामुळे अ‍ॅरागोनाइटच्या स्फटिकात त्याच्या जागी बसते. प्रवाळात कॅल्शियमच्या हजार अणूंमागे स्ट्रॉन्शियमचे सुमारे नऊ अणू असतात आणि पाणी एका अंशाने तापले की हे प्रमाण साधारण ०.०६ने उतरते. दोन्ही मूलद्रव्ये समुद्रात लाखो वर्षे टिकून राहतात. म्हणून पावसाने पाणी पातळ झाले तरी त्यांचे आपसातले गुणोत्तर फारसे हलत नाही. कल्पना १९७०च्या दशकातली, पण हा बदल अंशामागे पाऊण टक्क्याहूनही कमी असल्याने तेव्हाची उपकरणे अपुरी पडत. १९९२मध्ये वॉरेन बेक आणि सहकाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरने हे गुणोत्तर पुरेशा अचूकतेने मोजले, आणि पद्धतीला खरी गती आली. दोन्ही मापे एकाच भुकटीवर घेतली तर आणखी एक गोष्ट हाती येते. स्ट्रॉन्शियमवरून तापमान काढायचे, त्याचा वाटा ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचा. उरते ती पाण्याच्या खारटपणाची, पर्यायाने पावसाची नोंद.

प्रत्यक्ष काम कष्टाचे आहे. पाणबुडे हवेच्या किंवा द्रवाच्या दाबावर चालणारे ड्रिल घेऊन उतरतात, वसाहतीच्या माथ्यापासून खाली काही सेंटिमीटर जाडीचा दंडगोल काढतात आणि भोक सिमेंटच्या बुचाने बंद करतात. बुचावर प्रवाळ पुन्हा पसरू शकते. प्रयोगशाळेत दंडगोलाचा काही मिलिमीटर जाडीचा काप काढून क्ष-किरण चित्र घेतात आणि वाढीची सर्वांत सरळ रेषा निवडतात. ही निवड चुकली तर पुढचे सगळे आकडे वाकडे येतात. त्या रेषेवर दर मिलिमीटरला किंवा त्याहून कमी अंतरावर बारीक ड्रिलने भुकटी खरवडायची. एका वर्षाच्या वाढीतून बारा-पंधरा नमुने निघतात, म्हणजे जवळजवळ महिन्याला एक. भूतकाळातल्या हवामानाच्या साधनांपैकी इतका बारीक काळ दाखवणारी थोडीच आहेत. सगळ्यांचे आकडे एकमेकांशी तुलना करण्याजोगे राहावेत म्हणून जपानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इशिगाकी बेटावरील पोरायटीसची प्रमाण भुकटी तयार केली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत २१ प्रयोगशाळांनी तीच मोजली होती.

तरीही एक प्रश्न उरतोच: प्रवाळ हे निर्जीव उपकरण नाही. सांगाडा थेट समुद्राच्या पाण्यातून साकळत नाही. पॉलिपच्या ऊतीखाली द्रवाचा एक बारीक थर असतो. प्राणी त्यात कॅल्शियम आत ढकलतो, आम्लता घटवतो आणि मग स्फटिक घडवतो. या घडामोडीचा वेग बदलला की रसायनही बदलते. परिणामी एकाच भित्तीवरच्या दोन शेजारी वसाहती तापमानाचे वेगवेगळे आकडे देतात. तफावत कधी दोन अंशांची, कधी त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक दंडगोल गेल्या काही दशकांच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून बसवतात आणि मगच मागे जातात. लिथियम-मॅग्नेशियमचे गुणोत्तर किंवा स्ट्रॉन्शियमच्या जोडीला युरेनियम घेण्याची युक्ती याच दोषावर उपाय म्हणून पुढे आली. तूर्त इतके म्हणता येते की, अमुक साली पाणी नेमके किती अंश होते हे सांगण्यात प्रवाळ कच्चे आहे; एका वर्षापेक्षा दुसरे किती तापले हे सांगण्यात पक्के.

हिंदी महासागरात या पद्धतीचे मोल विशेष आहे, कारण मोसमी पावसाचे गणित त्याच पाण्यावर चालते. केनियातील मालिंदीच्या प्रवाळाची १९४ वर्षांची नोंद ज्युलिया कोल आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथले पाणी १.३ अंशांपर्यंत तापल्याचे तिच्यात दिसते, आणि पॅसिफिकमधल्या चढउतारांचा ठसाही. सेशेल्समधील १८४६पासूनची नोंद एल निनो आणि मोसमी वारे यांचे नाते दाखवते. भारतात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत सुप्रियो चक्रवर्ती आणि आर. रमेश यांनी लक्षद्वीपमधील कवरत्तीच्या पोरायटीसवर १९९०च्या दशकात काम केले. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक तापतो आणि पाऊस सुरू झाला की वाऱ्याने घुसळून गार होतो. ही पावसाळी घसरण त्या प्रवाळाच्या ऑक्सिजनमध्ये उतरली होती. चक्रवर्ती पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हेच काम करत राहिले.

सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांनी तर इतिहासच लांबवला. तिथल्या जिवंत आणि मृत प्रवाळांवरून नेरिली अ‍ॅब्रम यांच्या गटाने २०२०मध्ये हिंदी महासागरातील द्विध्रुवाची, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या तापमानातील झोक्याची, १२४०पासूनची खंडित नोंद मांडली. टोकाचे झोके तिच्यात मोजके दहा आढळले. त्यांतले चार गेल्या साठ वर्षांतले. १६७५चा झोका मात्र १९९७पेक्षाही मोठा होता. पॅसिफिकमधील पाल्मिरा बेटावर वादळांनी किनाऱ्यावर फेकलेले प्रवाळांचे तुकडे किम कॉब यांनी युरेनियम-थोरियम पद्धतीने काळ ठरवून जोडले. २००३च्या त्या अभ्यासात सतराव्या शतकाच्या मध्याला एल निनो विसाव्या शतकाइतकाच, किंबहुना अधिक जोरकस दिसतो. निसर्ग माणसाच्या मदतीशिवायही किती हेलकावे घेऊ शकतो हे या दोन नोंदी सांगतात. आजची तापमानवाढ त्यामुळे खोटी ठरत नाही.

जीवाश्म प्रवाळांचा धोका वेगळा. पाण्याबाहेर पडलेले अ‍ॅरागोनाइट पावसाच्या पाण्याने कॅल्साइटमध्ये बदलते, तर समुद्रात राहिलेल्या सांगाड्याच्या पोकळ्यांत नंतर नवे अ‍ॅरागोनाइट साचते. पहिल्याने स्ट्रॉन्शियम घटते आणि जुना समुद्र खोटाच उष्ण भासतो. दुसऱ्याने खोटाच थंड. बार्बेडोसच्या प्रवाळांवरून १९९४मध्ये हिमयुगातला उष्णकटिबंधीय अटलांटिक आजच्यापेक्षा ५ अंशांनी थंड असल्याचा निष्कर्ष निघाला, तेव्हा तो आधीच्या अंदाजांच्या कितीतरी पलीकडे होता आणि त्यावर वाद झाला. आता प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरण विवर्तनाने तपासल्यावरच स्वीकारतात.

ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्राची १६१८पासूनची नोंद बेंजामिन हेन्ली आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये मांडली. त्या वर्षीचे जानेवारी ते मार्च हे महिने ४०७ वर्षांत सर्वांत उष्ण ठरले. मात्र उष्णतेने प्रवाळ विरंजित झाले, म्हणजे रंग जाऊन पांढरे पडले, की त्याची वाढ मंदावते किंवा थांबते, आणि सर्वांत तापलेल्या आठवड्यांचा थर पातळ पडतो किंवा पडतच नाही. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. वसाहत मेली तर तिची नोंद त्याच वर्षी संपते.