पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी

वन्यजीवांचे फोटो काढायला शिकायचे म्हटले की डोळ्यांपुढे ताडोबा उभे राहते, नाहीतर पेंच: उघडी जिप्सी, पाणवठ्यावर आलेली वाघीण आणि आजूबाजूच्या गाड्यांतून रोखलेल्या लांबलचक लेन्स. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकहून निघणाऱ्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांच्या जाहिरातींतही बहुधा वाघच असतो. सकाळी रानात फेरी, दुपारी ऊन चढले की लॅपटॉप उघडून एडिटिंगचा वर्ग, संध्याकाळी पुन्हा फेरी, असा त्यांचा साधारण क्रम. जाणत्या माणसाबरोबर रानात हिंडून शिकण्याची ही रीत मुळात चांगली आहे. पण वाघाच्या रानात ती अर्धीच पदरात पडते. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातले पोशेरा, किंवा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातले त्यासारखे कोणतेही गाव, ही त्यासाठी अधिक चांगली शाळा आहे, असे मला वाटते. अट एकच: त्या शाळेत एडिटिंग म्हणजे रंग खुलवणे असे न शिकवता नोंद जपणे असे शिकवले पाहिजे.

सफारीत वेळ ठरलेली असते, रस्ता ठरलेला असतो आणि गाडीतून पाय खाली टेकवायचा नसतो. प्राण्यांच्या आणि माणसांच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत, पण शिकणाऱ्याला त्यात स्वतः ठरवण्यासारखे फार थोडे उरते. कुठे थांबायचे ते चालक ठरवतो, काय बघायचे ते गाइड दाखवतो, आणि उजेड कोणत्या बाजूने मिळणार हे गाडी जिथे उभी राहील त्यावर ठरते. पोशेऱ्याच्या आसपास फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा एकाच सावरीखाली सकाळ काढली तरी कॅमेऱ्याचे सगळे व्याकरण समोर येते. फुलांवर कोतवाल, बुलबुल, मैना, शिंजीर यांची ये-जा असते. कोतवाल काळाकुळकुळीत, मागे पांढुरके आकाश. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याचा उजेड सरासरी धरून चालतो, म्हणून आकाश ठीक येते आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती उरते. उजेड एक-दीड स्टॉपने वाढवला की पिसांवरची निळसर झाक दिसू लागते. शेतातल्या बगळ्यासाठी नेमके उलटे करावे लागते. शिंजीर क्षणभरही स्थिर नसतो, त्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका शटर लागतो; तो द्यायचा तर आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो. काय मिळवायचे आणि त्यासाठी काय गमवायचे, हा निर्णय प्रत्येक फोटोला स्वतः घ्यावा लागतो. शिकणे म्हणतात ते हेच.

यावर हमखास आक्षेप येतो की या भागात बघण्यासारखे उरलेच काय? जंगल शेतांनी तुटलेले आहे. बिबट्या असला तरी दिसत नाही. गलोलीचा धाक असल्यामुळे पाखरेही माणसाला जवळ येऊ देत नाहीत. हे सगळे खरे आहे. पण बुजरा पक्षी जे शिकवतो ते धीट पक्षी शिकवत नाही: कोणत्या अंतरावर तो मान ताठ करतो, कोणत्या अंतरावर उडतो, आणि आपण हालचाल थांबवून बसलो की किती वेळाने परत येतो. राहिला प्रश्न या भागाच्या मोलाचा. त्यासाठी रानपिंगळ्याची हकिकत माहीत असायला हवी.

या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. 1884 पर्यंत त्याचे मोजके नमुने संग्रहालयांत जमा झाले आणि मग शंभरहून अधिक वर्षे तो कोणालाच दिसला नाही. नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले. त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे पेंढा भरलेले कातडे आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी: कुठे मिळाला, कधी, कोणाला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. पुढे उघड झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. त्या एका चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांना चुकीच्या मुलखाकडे वळवले. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ती बाजूला ठेवली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, त्यांच्या चमूला रानपिंगळा दिसला. व्हिडिओ आणि फोटो हाच त्या वेळचा पुरावा होता, पक्षी मारावा लागला नाही. पुढे 2014 मध्ये हाच पक्षी तानसा अभयारण्यात नोंदवला गेला. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाभोवतीचे हे अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेले आहे. इतक्या जवळ असूनही तोवर त्याची नोंद झाली नव्हती. ज्या रानाकडे कोणी कॅमेरा घेऊन फिरकत नाही, त्या रानात काही नाही असे म्हणायला आधार काय?

आज कातड्याची जागा फोटोने घेतली आहे, आणि चिठ्ठीची जागा फोटोच्या फाइलमधल्या तारीख-वेळेने व काढणाऱ्याच्या वहीने. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने चालणारे भारतीय फुलपाखरांचे संकेतस्थळ मुख्यतः हौशी लोकांनी काढलेल्या, तारीख-ठिकाणासह आलेल्या फोटोंवर उभे आहे. म्हणूनच एडिटिंगकडे निराळ्या नजरेने बघावे लागते. साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यातला एक मोठा फरक डोक्यावर असतो: साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. आता साध्या पिंगळ्याचा एक फोटो संध्याकाळच्या उजेडात, वाढवलेल्या आयएसओवर काढला आहे असे समजा. रवाळपणा घालवणारी हल्लीची साधने पिसांवरचे बारीक ठिपकेही रवाळपणा समजून पुसू शकतात. चित्र गुळगुळीत, देखणे होते आणि साधा पिंगळा रानपिंगळ्यासारखा दिसू लागतो. खोटी चिठ्ठी अशी नकळतही बांधली जाते. कार्यशाळेत या उदाहरणावर एक दुपार घालवली तर स्लायडर किती सरकवायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.

काहीजण याच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, मग एडिटिंगच नको. कॅमेऱ्यातून आले तसे द्यावे. हेही पटण्यासारखे नाही. कॅमेऱ्यातून तयार होऊन येणारा जेपेग फोटो कॅमेऱ्यातल्या प्रणालीने आधीच एडिट केलेला असतो. रंग, धार, गडदपणा तिनेच ठरवलेले असतात आणि उरलेली माहिती फेकून दिलेली असते. त्यात एका रंगाच्या फक्त 256 पायऱ्या उरतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या 16,384 असतात. रॉ फाइल हे पीठ आहे, भाकरी अजून थापायची आहे. दाट झाडीखाली सगळ्यावर हिरवट छटा चढते, ती काढून खोडाचा तपकिरी रंग परत आणणे, सावलीतला डोळा दिसेल इतका उजेड वाढवणे, चौकट कापणे, या गोष्टी डोळ्याने पाहिले त्याच्या जवळ नेणाऱ्या आहेत. त्यासाठी दरमहा पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायलाही नको. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट मिळतात आणि मूळ फाइलला धक्का लावत नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा अंतिम फेरीतल्यांकडून मूळ फाइल मागते ती याच कारणासाठी. अर्थात मूळ फाइल म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे. याच स्पर्धेत 2009 चा विजेता ठरलेला, फाटकावरून झेपावणारा लांडगा पाळलेला निघाला आणि बक्षीस काढून घेण्यात आले. 2018 मध्ये वारुळाजवळच्या मुंगीखाऊचा फोटो बाद झाला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असावा असे तज्ज्ञांचे मत पडले. दोन्हींत लबाडी कॅमेऱ्याच्या पुढे होती, संगणकात नव्हती.

छायाचित्रण ही कला आहे, कलावंताला एवढ्या बेड्या कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर काजव्यांच्या फोटोत सापडते. मेअखेरीस, वळवाचे शिंतोडे पडून गेल्यावर, सह्याद्रीच्या या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, उंबर काजव्यांनी लखलखतात. समाजमाध्यमांवर त्यांचे जे फोटो फिरतात त्यांत झाडाचे पानन् पान पेटलेले असते. तसे एका क्षणी डोळ्याला कधीच दिसत नाही. अनेक मिनिटांत काढलेले कितीतरी फोटो एकावर एक रचून ते चित्र तयार होते. श्रीराम मुरली यांनी तमिळनाडूतल्या अनमलाईत काढलेल्या काजव्यांच्या फोटोला 2023 मध्ये त्याच लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. त्यात प्रत्येकी 19 सेकंदांचे 50 फोटो एकत्र केले आहेत, आणि ते तसे जाहीर केलेले आहे. त्यामुळे सोळा मिनिटांत त्या रानात किती प्रकाश उधळला गेला याची ती खरी नोंद ठरते. तेच चित्र खाली एक ओळ न लिहिता टाकले की बघणारा गाड्या भरून रानात येतो, तेवढा लखलखाट दिसला नाही म्हणून झाडाजवळ जातो, बॅटरी मारतो. काजव्यांचे चमकणे ही नर-मादीची एकमेकांना हाक असते आणि बाहेरच्या उजेडात ती विरून जाते. कलेला बेडी कोणी घालत नाही. काय केले ते सांगा, एवढेच मागणे आहे. 2023 पासून फोटोशॉपमध्ये शब्द टाइप करून नसलेला पक्षी फांदीवर बसवता येतो, तेव्हा तर हे मागणे अधिकच रास्त ठरते.

सांगण्याची ही जबाबदारी फोटोखालच्या ओळीवरही येते, आणि तिथे बाहेरून आलेला माणूस सहज फसतो. उन्हाळ्यात मोखाड्याच्या उतारांवर धूर दिसतो. शेताच्या तुकड्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून ते जाळतात आणि पावसाच्या तोंडावर तिथे नागली, वरई, भाताची रोपे करतात, हा राब. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात आणि त्याचे दुष्परिणाम आहेत, ती चर्चा व्हायलाच हवी. पण त्या धुराच्या फोटोखाली ‘आदिवासींनी जंगल पेटवले’ असे लिहिणे म्हणजे फोटोतला एक ठिपकाही न बदलता खोटे बोलणे आहे. 1992 मध्ये वावर-वांगणी या गावांतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी जव्हार देशभर माहीत झाले. तेव्हापासून हा मुलूख बाहेरच्यांच्या कॅमेऱ्यातून आणि बाहेरच्यांच्या शब्दांतूनच जगापुढे येत राहिला आहे. पावसाळ्यातल्या फोटोंचेही असेच होते. धुके पुसणारा स्लायडर ओढून डोंगर लख्ख केले की जून ते सप्टेंबर या रानाचा जो खरा चेहरा असतो तोच पुसला जातो.

खरी चिठ्ठी जपायची तर ठिकाण उघडे करावे लागते, आणि ठिकाण उघडे केले की गर्दी घरट्यापर्यंत पोहोचते, ही अडचण मात्र खरी आहे. तिबोटी खंड्याच्या घरट्यांपुढे पावसाळ्यात कोकणात होणारी गर्दी पाहिली की तिचे गांभीर्य कळते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते. हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या तासाला वाचून दाखवले पाहिजे. वाट अशी काढता येते: नेमके स्थान स्वतःच्या वहीत आणि वनखात्याकडे किंवा अभ्यासकांकडे, लोकांसाठी तालुक्याचे नाव पुरे. फोटो टाकण्याआधी फाइलमधले जीपीएस काढून टाकणे दोन मिनिटांचे काम आहे. आयनॅचरलिस्टसारखी नोंदस्थळे संकटातल्या जातींचे स्थान मुद्दाम अंधुक करतात, तेही याच विचाराने.

आणि या सगळ्यासाठी जो शिक्षक लागतो तो गावातच आहे. कोणत्या उंबराला कधी फळ येते, ओढ्यातले पाणी कुठवर टिकते, कोणता आवाज कोणाचा, हे इथल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांतल्या पोरांना शाळेच्या आधी कळते. दिवाळीच्या दिवसांत वाघबारशीला वाघदेवाला पुजणारी ही माणसे आहेत. रान त्यांना पुस्तकातून समजावे लागत नाही. पावसाळा संपला की यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कार्यशाळेने त्यांच्यातल्या चार तरुणांना वाटाडे म्हणून नुसते पुढे न चालवता कॅमेरा हाती द्यावा, रॉ फाइल उघडायला शिकवावे, नोंदवही ठेवायला शिकवावे आणि शहरातल्या प्रशिक्षकाला देतो तसे मानधन द्यावे. पाहुणे दोन दिवसांत परत जातात. वर्षभराच्या नोंदी तेच ठेवू शकतील. तेव्हा अशा कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढे विचारा: गावातले कोण शिकवणार आहे आणि त्यांना किती देणार, आणि शेवटच्या दिवशी आमच्या फोटोंबरोबर मूळ फाइल आणि वहीही तपासणार का? सरळ उत्तरे मिळाली तरच नाव नोंदवा.