गोठ्यातलं शहाणपण, फडातलं बाळ

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गाय व्यायली की रात्रीचे दोन वाजलेले असोत, गोठ्यात दिवा लागतो. वासराला पुसून कोरडं करतात, गाईची कास कोमट पाण्यानं धुतात आणि तासाभराच्या आत वासराच्या तोंडात सड देतात. जन्मलेल्या वासराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसतेच. ती चिकातून मिळते आणि उशीर झाला, तर त्याचं आतडं ती शोषून घेत नाही. दुधाचा धंदा करणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खरवस होतो तो वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.

माणसाच्या बाळाचा चीक मात्र कित्येक घरांत ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकला गेला आणि बाळाच्या ओठाला मध किंवा गुळाचं पाणी लागलं. खरं तर त्या दाट, पिवळसर थेंबांत बाळाच्या आतड्याचं जंतूंपासून रक्षण करणारी प्रतिपिंडं असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईच्या अंगावर प्यायलेली मुलं 53 टक्केच. सहा महिन्यांच्या आतल्या, निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण मात्र आधीच्या फेरीतल्या 57 टक्क्यांवरून 71 वर गेलं. म्हणजे नीट सांगणारं कुणी भेटलं, तर घरं ऐकतात.

नीट सांगणाऱ्यांची एक फळी महाराष्ट्रातच उभी राहिली. मुंबईच्या शीव रुग्णालयात नवजात शिशुशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाळांच्या अतिदक्षता कक्षात आयांना आत घेतलं आणि आईचं दूध हाच उपचाराचा पाया मानला. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नव्हतं, त्यांच्यासाठी 27 नोव्हेंबर 1989 रोजी तिथं दूधपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. दोन वर्षांनी, 3 डिसेंबर 1991 रोजी, स्तनपानाचा पुरस्कार करणारं ‘बीपीएनआय’ हे देशव्यापी जाळं वर्ध्यात स्थापन झालं. 1992 मध्ये संसदेनं कायदा करून बाळांच्या डबाबंद दुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावरची गोंडस बाळाची चित्रं बंद केली. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला.

पण जाहिरात थांबली म्हणून दूध पाजता येतंच असं नाही. आयआयटी मुंबईच्या ‘सीटारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात शिकवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचं काम नेमकं याच ठिकाणी सुरू होतं. पाजणं हे शिकायचं आणि शिकवायचं कौशल्य आहे, असं त्या मानतात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मराठीसह अनेक भाषांत छोटे शिकवणी-व्हिडिओ तयार झाले आहेत.

त्या कौशल्यात काय असतं? डाव्या बाजूला पाजायचं, तर बाळाची मान उजव्या हातानं कानांमागे पेलायची आणि बाळाचं पोट आईच्या अंगाला चिकटलेलं ठेवायचं. डाव्या हातानं स्तनाला खालून आधार द्यायचा. मोठा वडापाव तोंडात मावावा म्हणून आपण तो आडवा दाबतो, तसं अंगठा आणि बोटं बाळाच्या ओठांना समांतर ठेवून किंचित दाबायचं. बोंड वरच्या ओठाला लावायचं आणि बाळ जांभई दिल्यासारखा मोठा ‘आ’ करेपर्यंत थांबायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि बोंडाभोवतालच्या काळ्या भागापैकी खालचा भाग जास्त आत गेला पाहिजे. बाळ नुसतं बोंड चोखत राहिलं, तर त्याला चिरा पडतात, आई कळवळते आणि बाळ उपाशीच राहतं. स्तन रिकामा झाला नाही की पुढचं दूध कमी बनतं. मग घरात म्हणतात, “दूध पुरत नाही, वरचं सुरू करू या.” पाजायची पद्धत कुणी पाहत नाही, दोष आईच्या अंगाला लागतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत प्रश्नाला आणखी एक टोक आहे. दिवाळी सरली की बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, कोपीत म्हणजे झोपडीत मांडलेला संसार आणि पहाटेच्या अंधारात गाठायचा फड. बाळ बांधावरच्या झोळीत. आई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपाशी नेते. गाळपाचा हंगाम चार-पाच महिने चालतो. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचे निव्वळ अंगावरच्या दुधाचे बहुतेक महिने असे फडातच जातात. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कोयत्याच्या हिशेबात ती नाही. बसून पाजायला वीस मिनिटं काढली, तर तेवढी मोळी मागे पडते. बाटली तर इथं सगळ्यात धोक्याची, कारण ती दर वेळी उकळायला कोपीत ना पाणी ना सरपण. दूध हातानं पिळून झाकून ठेवणं आणि वाटी-चमच्यानं पाजणं जमू शकतं, पण ते दाखवायला कुणीतरी हवं.

असं दाखवण्याचा परिणाम गडचिरोलीत दिसला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला आणि 1999 मध्ये त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच धर्तीवर, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, आज सहा वेळा जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पण ऊसतोड बाईची आशा बीडमधल्या तिच्या गावी असते आणि ती स्वतः इकडे भवानीनगरच्या एखाद्या फडात.

दिवाळीनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. त्यांतल्या ओल्या बाळंतिणींची नावं इथल्या आशाताईंच्या वहीत चढवायला मुकादमाची यादी आणि एक फेरी पुरेल. मग चौदाव्या दिवसाची भेट कोपीच्या दारात होईल आणि बाळाची हनुवटी नीट टेकली आहे का, हे कुणीतरी खाली बसून पाहील.