काटा चालतो, केबल अडते

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, सुटे भाग कातले जातात. असल्या ठिकाणी चांगलं यंत्र वीस-वीस वर्षं चालतं. तेलपाणी करा, बेअरिंग बदला, पुन्हा सुरू. आधी मरतो तो त्याच्या शेजारचा कॉम्प्युटर. नवा आणावा, तर त्याला जुनं यंत्र ओळखू येत नाही. दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि नवं विंडोज त्यालाच आत घ्यायला तयार नसतं.

डॉसच्या काळात ही भानगड नव्हती. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन हवं असेल, तर प्रोग्राम सिरियल पोर्टच्या ३एफ८ या पत्त्यावर जाऊन थेट बाइट उचलायचा. विंडोज एनटीने ही मोकळीक काढून घेतली. हार्डवेअरला हात लावायचा तर कर्नलमधूनच, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातूनच. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर हा नियम सगळीकडे पोचला. पुढे ६४ बिटी व्हिस्टाने कर्नल ड्रायव्हरला डिजिटल सही सक्तीची केली. २०१६मध्ये विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून तर नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागू लागली. त्यासाठी ओळख कसून तपासून दिलं जाणारं ईव्ही सर्टिफिकेट हवं, आणि ते नोंदणीकृत संस्थेलाच मिळतं. एका गिऱ्हाइकाच्या एकाच यंत्रासाठी ड्रायव्हर लिहून देणारा एकटा माणूस इथे हरतो.

ही सक्ती उगाच नाही. कर्नलमधली एक चूक अख्खी मशीन पाडते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. गंमत अशी, की क्राउडस्ट्राइकच्या कर्नल ड्रायव्हरवर रीतसर सही होती!

गाळेवाल्याला खरा झटका देते ती केबल. लॅपटॉपवरून नऊ पिनांचा पोर्ट गेला, तेव्हा काटा जोडायला यूएसबी-सिरियल केबल आली. बऱ्याच केबलींत तैवानच्या प्रोलिफिकच्या पीएल-२३०३ चिपची जुनी आवृत्ती, किंवा तिची नक्कल. विंडोज ११वर तीच केबल लावून डिव्हाइस मॅनेजर उघडा: नावापुढे पिवळा त्रिकोण, आणि चिपचं उत्पादन २०१२पासून बंद आहे, पुरवठादाराशी बोला, असा निरोप. केबल धडधाकट, काटाही धडधाकट. नव्या ड्रायव्हरने जुन्या चिपला नकार दिलेला असतो. अशाच चिप बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या एफटीडीआयने तर ऑक्टोबर २०१४मध्ये आणखी पुढची मजल मारली. तिचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येऊन नकली चिपचा ओळखक्रमांक शून्य करायचा. बोभाटा झाल्यावर तो मागे घेतला. नकलीचा राग समजतो. पण दंड पडला केबल विकत घेणाऱ्याला.

मग जुगाड सुरू होतात. रीस्टार्टच्या पर्यायांत एफ७ दाबून सहीची तपासणी बंद करायची, जी पुढच्या रीस्टार्टला आपोआप परत येते. किंवा सीएनसी यंत्र चालवणाऱ्या माक-३ या प्रोग्रामसाठी ३२ बिटी विंडोज ७चा डबा जपायचा, कारण त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटीवर चालतच नाही. विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२०ला थांबले. म्हणून त्या डब्याला इंटरनेट जोडू नये.

आज नवं उपकरण बनवणाऱ्याने कर्नल ड्रायव्हर लिहूच नये, असं माझं मत आहे. उपकरण यूएसबीच्या सीडीसी (सिरियल पोर्टसारख्या) किंवा एचआयडी (कीबोर्ड-माऊससारख्या) ठरीव वर्गात बसवलं, तर विंडोज १० आणि ११ स्वतःचाच ड्रायव्हर लावतात. त्यात जमत नसेल तर मायक्रोसॉफ्टचाच विनयूएसबी हा तयार ड्रायव्हर आहे. आणि गाळेवाल्यांनो, पुढचं यंत्र घेताना वॉरंटीच्या आधी विक्रेत्याला विचारा: केबलमध्ये कुठली चिप आहे, आणि विंडोज बदललं तर ड्रायव्हर कोण देणार? उत्तर बिलावर लिहून घ्या.