सुईच्या टोकावरील बलाचा हिशेब

प्रसूतिवेदना शमविण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ सुई घालताना भूलतज्ज्ञास तिचे टोक दिसत नाही. चिवट अस्थिबंध ओलांडताच हाताला जाणवणारा विरोध एकाएकी ओसरतो. हीच थांबण्याची खूण. सुई काही मिलिमीटर पुढे गेली, तर मज्जारज्जूभोवतीचे आवरण भेदले जाऊन तीव्र डोकेदुखी उद्भवू शकते. ही जाण शिकाऊ डॉक्टरांना प्रामुख्याने प्रत्यक्ष रुग्णांवरच मिळवावी लागते.

हा सराव यंत्रावर व्हावयाचा, तर स्पर्शाचे रूपांतर आकड्यांत झाले पाहिजे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलिसन ओकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असा हिशेब मांडला. अवयव निराळा, प्रश्न तोच. बल मोजणारे उपकरण जोडलेली सुई निष्प्राण गोवंशीय यकृतात यंत्राने टोचण्यात आली. एकूण बलाची तीन खाती झाली: आवरण भेदण्यापूर्वीचा ताठरपणा, सुईच्या अंगाशी होणारे घर्षण आणि टोकाने ऊती कापण्यास लागणारे बल. कापलेल्या वाटेतच सुई मागेपुढे केली असता केवळ घर्षण मोजले जाते. ते एकूण बलातून वजा केले की कापण्याचे बल उरते. सिलिकॉन रबरावरील प्रयोगांत सुईच्या जाडीबरोबर बल वाढले, तर तिरक्या टोकाची सुई अधिक वाकली.

प्रत्येक देहाच्या ऊती वेगळ्या. त्यामुळे एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही, मोजमापे वाढवावीच लागतात. शिकणाऱ्याची पहिली चूक रुग्णाच्या पाठीऐवजी यंत्रावर व्हावी, हेच या हिशेबाचे मोल.